भुलीतली हाक

लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण माझी आणि माझ्या नवऱ्याची खरी गाठ पडली ती बारामतीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. हसू नका! कळस गावी आमच्या घरात थोरांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, आणि एकमेकांचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. दिवसभर ते पाटाच्या पाण्यावर, मी चुलीपुढं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं.

पण तेव्हा डोळे बघायचं सुख कुठलं? तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं होतं आणि अंगावरून जायचं थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत थोडं राहिलंय, भूल देऊन पिशवी साफ करावी लागेल. सासूबाईंनी तर निघतानाच ऐकवलं होतं, "पिशवी खरडली की बाई वांझ हुती. मग कन्हेरी गावची पोरगी हायच." म्हणजे सवत. माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

ते आत जाऊन डॉक्टरीणबाईंशी बोलून आले. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून बसले आणि अंगणातल्या लिंबाकडं बघत सांगू लागले.

"नाकावर जाळी ठिवत्यात. तिच्यावर औषध टाकलं की झोप लागती. घटकाभरात काम उरकतंय, तुला कायबी कळायचं न्हाय."

"तुमी मला सांगताय... का त्या लिंबाला?"

त्यांचे कान लालभडक झाले. पण तोंड वळलं — माझ्याकडं.

"जाग आली की मळमळंल. ओटीपोटात कळा येतील, पाळीवानी. थोडे दिस थोडं थोडं जाईल, त्याला भ्यायचं न्हाय. जड उचलायचं न्हाय. पर ताप आला, वास यायला लागला, न्हायतर लई जाया लागलं, तर तवाच हितं यायचं."

"बायामानसातलं एवढं समदं इचारलंत?"

"मग कुनी इचारायचं? बैलांनी?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

"आन... पुन्यांदा दिस जातील?"

"त्येबी इचारलं." आवाज खाली आला. "महिना-दीड महिन्यानं पाळी येईल. मग थोडं दमानं घ्या, म्हनल्या. यानं सहसा कुनी वांझ हुत न्हाय."

"सहसा?"

"सहसा."

"आन झालेच तर? कन्हेरीची—"

तेवढ्यात नर्सबाई आल्या. "चल गं. नवऱ्याचं नाव काय?"

मी पदर तोंडाला लावला आणि त्यांच्याकडं बोट केलं. "जोतीराम," ते स्वतःच म्हणाले. माझा प्रश्न तसाच राहिला.

टेबल गार होतं. गोडसर, उग्र वास आला... नर्सबाईंचा हात घट्ट धरला, आणि पुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा तोंडाला कोरड होती, पोटात कळ होती, मळमळत होतं. पण सगळं त्यांनी सांगितल्यासारखंच, म्हणून भीती वाटली नाही. खाटेशेजारी ते बसले होते. पटका तोंडाशी धरून हसत होते!

"काय झालं?"

"नाव घेतलंस माझं. भुलीत. जोतीराम, जोतीराम... समद्या व्हरांड्यानं ऐकलं. नर्सबाई म्हनल्या, जा बाबा आत, न्हायतर ही दवाखाना डोक्यावर घील."

मी गारठलेच. "अगं बाई! तुमचं आयुष्य—"

"जाऊ दे की त्यातलं चार दिस. अशी हाक मला जन्मात कुनी मारली न्हवती." मग हळूच विचारलं, "लई दुखतंय?"

"पोट थोडं... बाकीचं लई."

"मलाबी," ते म्हणाले, आणि त्यांचे घारे डोळे भरून आले. आमच्या बाळासाठी दोघं मिळून रडलो ते तेव्हाच.

"मूल न्हाईच झालं तर?" शेवटी मी विचारलं.

"तर न्हाय झालं. मला तू पायजेस."

दोन दिवसांनी यष्टीनं घरी आलो. अंगणात सासरे तंबाखू मळत होते. सासूबाईंनी माझ्यापुढं घागर ठेवली. "आलीस? घरात पानी न्हाय." मी सवयीनं वाकले.

"सारजा!"

त्यांनी माझं नाव घेतलं होतं. सासऱ्यांचा अंगठा तळहातावरच थांबला.

"सारजा, घागर खाली ठेव," ते म्हणाले. आईबापांदेखत, अगदी स्पष्ट.

सासूबाईंनी एकदा लेकाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग घागर उचलली आणि लेकाच्याच हातात दिली.

"तूच आन मग," त्या म्हणाल्या. "आन आडावर कुनी कन्हेरीचं भेटलं तर सांगावा धाड... पोरीला दुसरं घर बघा म्हनावं."