पुजलेली मोटार

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझे परसराममामा खोटं बोलणारे नव्हते, एवढंच सांगतो.

१९७८ साल. सिहोऱ्याकडचा वैनगंगेचा घाट. घाटाचे ठेकेदार कृष्णराव यांच्याकडे डोंग्याला, म्हणजे नावेला, मागून लावायची एक जुनी मोटार होती. खंडेनवमीला त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला.

त्याच दुपारी नदीला अवचित पूर आला. परसरामचा मोठा भाऊ चिंधू पुराच्या मधोमध एका झाडाला धरून ओरडत होता...

"मालक, मोटार द्या!" परसराम पाया पडला.

"पुजलेल्या यंत्राले आज हात लावत नाही."

दिवस मावळता मावळता ओरडणं थांबलं.

मग कृष्णराव गावभर सांगत सुटले, "मोटार तं बंदच होती. देऊन काय झालं असतं?"

चिंधूची बायको तुळसा मात्र एकच विचारायची, "भाऊजी, खरंच बंद होती काय?"

परसराम इंजिनांचा मिस्त्री. पुढच्या उन्हाळ्यात मोटार विकायची म्हणून कृष्णरावांनी तपासायला त्यालाच बोलावलं. काही माणसांना लाजही नसते.

भर दुपार. अंगणात विहिरीच्या पाण्यानं भरलेला ड्रम. पंखा पाण्यात बुडेल अशी परसरामनं मोटार त्यात उभी केली. वाळका हार अजून तिच्यावर होता.

दोरी ओढली. काही नाही.

पेट्रोल येत होतं. ठिणगी पडत होती. कार्बोरेटर धुतला. तरी काही नाही.

"पाह्य, म्या सांगतलं नव्हतं काय?" कृष्णराव हसले.

परसरामला रडू आलं. आता तुळसाला काय सांगायचं? त्यानं ठिणगीचा प्लग काढून हातात घेतला...

आणि मोटार सुरू झाली.

प्लगशिवाय. दोरी न ओढता.

आवाज अगदी निकोप. ड्रममधलं पाणी गढूळ होत गेलं... पुराच्या गाळाचा वास सुटला... आणि त्या आवाजाखालून कुणीतरी हाक मारत होतं.

"परश्या..."

परसरामला 'परश्या' म्हणणारा फक्त चिंधू होता.

कृष्णराव पांढरेफटक पडले. "बंद कर! बंद कर ते!"

"म्या चालूच केली नाही, मालक. बंद कशी करू?"

दिवस मावळता मावळता ती थांबली. आपोआप.

परसराम घरी आला. तुळसा दारातच उभी होती. आवाज गावभर गेला होता.

"म्हणजे वाचले असते," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिनं कधीच काही विचारलं नाही.

मामा आता नाहीत. मोटारीचं काय झालं, कुणास ठाऊक. तो प्लग मात्र आमच्या घरी आहे.

खंडेनवमीच्या दुपारी तो गरम लागतो... फेकून द्यायची माझी हिंमत होत नाही.