गळ्याने नाकारलेली गोळी

"रिकामी गोळी दिलीस माझ्या बहिणीला! नोकरी घालवतो तुझी!"

तपासणी केंद्रात दादा तंत्रज्ञाच्या अंगावर धावून गेला. त्याच्या धाकट्या बहिणीचं थायरॉइड भडकलं होतं. किरणोत्सारी आयोडीनच्या गोळीतलं किती आयोडीन गळ्यातली ग्रंथी घेते, ते यंत्र मोजणार होतं. यंत्राने दाखवलं, जवळजवळ शून्य. खरं काय ते शोधायला केंद्राच्या मालकाने गुंते सोडवणाऱ्या टाचणीबाईंना बोलावलं; नाहीतर तंत्रज्ञाची गच्छंती ठरलेलीच. बाईंबरोबर त्यांचे नेहमीचे सोबती मास्तर होते. त्यांना सगळं उशिरा कळे.

"गोळी मोजली होतीस?" बाईंनी विचारलं.

"देण्याआधी, मालकांसमोर," तंत्रज्ञ म्हणाला. "भरलेली होती."

"मग यंत्रच बिघडलं!" मास्तर म्हणाले.

"त्याच सकाळी बाकीच्यांचं नीट आलंय, मास्तर."

धाकटीच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुई टोचल्याचा पिवळसर डाग होता.

"हे काय गं?"

"रक्त तपासलं," दादाच म्हणाला.

बाई तंत्रज्ञाकडे वळल्या. "आधी दुसरा स्कॅन झालाय का, हे विचारलंस?"

"विचारलं. दादाच म्हणाले, नाही."

ओरडून दमलेल्या दादापुढे मास्तरांनी पाणी धरलं. त्याने जेमतेम ओठ भिजवले आणि पेला परत दिला. एवढ्या उकाड्यात त्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या.

"दादा, आता तुम्ही गप्प. मुली, सुई टोचल्यावर काय वाटलं?"

"अंगभर गरम लाट आली. वाटलं, कपड्यातच लघवी झाली! दादा म्हणाला, पोटाचा स्कॅन आहे."

"रक्त काढताना असं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. स्कॅनसाठी आयोडीनचं औषध शिरेत सोडलं की होतं. त्यानेच ग्रंथी भरली. पोटभर जेवलेला पुढचा घास घेत नाही, तशी तिने गोळी नाकारली. आता काही आठवडे ही तपासणी नाही. आणि भडकलेल्या थायरॉइडला आयोडीन म्हणजे आगीत तेल."

"पण लपवायचं कशाला?"

"पाणी मोजून पिणारा, बाही न उघडणारा माणूस, मास्तर! बाही वर करा, दादा."

हातावर डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने फुगवलेली, सुयांनी टोचलेली शीर होती.

"यांना मूत्रपिंड हवंय. बहिणीचं चालेल का, ते तिला न विचारताच त्या पोटाच्या स्कॅनमध्ये बघून घेतलं. थायरॉइड त्या स्कॅनवाल्यांपासून लपवलं आणि तो स्कॅन इथे."

दादा बाही खाली ओढत खुर्चीत बसला. "जुळलं असतं तर सांगणारच होतो. धाकटी मला नाही म्हणायची नाही."

"माझं उत्तर तू देऊ नकोस," धाकटी म्हणाली. "मागितलं असतंस, तर हसत दिलं असतं. आता नाही. ऊठ, आधी या माणसाची माफी माग."