भवानीपुरतं उघडं दुकान

असं समजा, की तुमच्या वाढदिवसाला तुम्हाला पितळेची भातुकली हवी आहे. तुम्ही काय कराल? आईच्या मागे भुणभुण लावाल, हो ना? या गोष्टीतल्या मुलांना भुणभुण लावावी लागत नाही. ती खरेदीदूताला सांगतात. खरेदीदूत म्हणजे माणूस नव्हे, फोनमध्ये राहणारा एक प्रोग्रॅम. तो तुमच्या वतीने शंभर दुकानं पालथी घालतो, भाव ठरवतो, पैसे चुकते करतो आणि चौथ्या दिवशी दारात खोकं येतं. ते कोणत्या दुकानातून आलं, हे तुम्ही विचारतही नाही. इथपर्यंत समजलं? मग आता त्या खोक्याचा माग काढत उलटं चालत या. जिथे ते खोकं भरलं जातं, तिथे आपल्याला जायचं आहे.

नाशिकच्या भांडीबाजारामागे एका गल्लीत केतकी तांबट राहायची. वय वर्षं बारा. तळमजल्यावर रंगनाथमामा इवली इवली भांडी घडवत बसायचे. अंगठ्याएवढी कळशी, नखाएवढं उलथनं, मुठीत मावणारा बंब. हातोडीने ठोकून भांड्याला आकार आणि चकाकी देण्याला मठारणं म्हणतात. मोठं पातेलं मठारणारे बरेच असतात, पण अंगठ्याएवढी कळशी फाटू न देता मठारणारे नाशकात रंगनाथमामा एकटेच उरले होते. केतकीची आई, सुनेत्रा, ही भांडी इंटरनेटवरच्या स्वतःच्या छोट्या दुकानातून विकायची. दुकानाचं नाव ‘बोळकी’.

जूनमधल्या एका रविवारी आई कागद-पेन घेऊन बसली होती. रंगनाथमामांना सातपूरच्या एका नळाच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. दिवाळीपर्यंत त्यांना बोळकीतून नेमाने पगार देता आला नाही, तर ते जाणार होते. ते गेले की दुकानात विकायला काही उरणार नव्हतं. म्हणून आई खर्च कुठे कमी होतो ते पाहत होती, आणि तिची नजर पैसेदारावर येऊन थांबली होती.

गिऱ्हाईकाचे पैसे ज्या दारातून दुकानात येतात, ते पैसेदार. मोठी माणसं त्याला पूर्वी पेमेंट गेटवे म्हणायची. मुलांनी त्याचं मराठी केलं आणि तेच रुळलं.

“आपलं आत्ताचं पैसेदार शंभरातले अडीच रुपये कापतं,” आई म्हणाली. “वर त्या अडीचवर कर.”

“अडीचच तर आहेत,” केतकी म्हणाली.

“शंभरातले अडीच नाहीत गं ते. पत्रा, कोळसा, मामांची मजुरी, खोकं, टपाल सगळं वजा केलं, की शंभरातले आपल्याला दहा उरतात. त्या दहातले अडीच.”

केतकीने मनात भाग दिला. चौथा हिस्सा.

“दुसरं आहे ते काही कापत नाही. महिन्याचं भाडं घेतं.”

“मग तेच घे.”

“मे महिन्यात किती खोकी गेली आपली?”

“नऊ.”

“मग भाडं कोण भरणार? तू?”

“आणि हे तिसरं? इथे तर फुकट लिहिलंय.”

“ते थेट खात्याचं. दुकानाच्या पानावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र लावायचं. माणसाने त्याच्यासमोर फोन धरायचा, बोटाने होय म्हणायचं, की पैसे सरळ आपल्या खात्यात.”

“छान की मग!”

“छानच आहे. पण ते माणसाच्या बोटासाठी केलेलं आहे. दूताला कुठे असतं बोट? आणि माणसं आता दुकानात येतात कुठे, दूतच तर येतात.”

राहिलं चौथं. त्याचं नाव ओंजळ. ते नवीन होतं आणि त्याची जाहिरात सगळीकडे होती. ओंजळ दुकानदाराकडून काहीच घेत नसे. दुकानदाराने फक्त आपली किंमत सांगायची. त्याच्या वर जे मिळेल, त्यातलं अर्धं दुकानदाराचं, अर्धं ओंजळीचं.

“वर कशाला कोण देईल?” केतकीने विचारलं. “सहाशेची भातुकली मी हजाराला घेईन का?”

“तू नाही घेणार. पण घेणारं कुणीतरी असतंच.” आईने तिला ओंजळीचं माहितीपत्रक दाखवलं. प्रत्येक घराच्या दूताला त्या घराची आजवरची सगळी खरेदी पाठ असते. कोणत्या किमतीला ते घर पटकन हो म्हणतं, कोणत्या किमतीला घुटमळतं, कुठून पुढे नाहीच म्हणतं. त्यावरून ओंजळ एक रेषा काढते. तिला म्हणतात ऐपतरेषा. ज्याची त्याची रेषा वेगळी. ओंजळ त्या रेषेच्या जरा खाली किंमत सांगते. त्यामुळे कुणालाच ती जास्त वाटत नाही.

“पण दूत आपल्याच घरची रेषा ओंजळीला का सांगेल?”

“बहुतेक दूत ओंजळीनेच फुकट वाटलेत,” आई म्हणाली आणि तिने चौथ्या नावावर खूण केली.

फोनमधून आवाज आला. “बोळकी, ओंजळीत आपलं स्वागत. आपल्या विक्रीचे काही खास नियम असतील तर सांगा.”

आईला तिच्या वडिलांची रविवार पेठेतली भांड्यांची पथारी आठवली. “एक आहे. भवानीला परत पाठवायचं नाही. भवानी जे देईल ते घ्यायचं.”

दिवसातल्या पहिल्या विक्रीला दुकानदार भवानी म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस सुना जातो, असं आईचे वडील मानत. पहिल्याला ते तोट्यातसुद्धा द्यायचे.

“भवानी. नोंद झाली,” ओंजळ म्हणाली.

तीन महिने गेले. महिन्याची खोकी नऊची एकतीस झाली. त्याच सहाशेच्या भातुकलीचे कुणी चौदाशे दिले, कुणी एकोणीसशे. मामांचा पगार नेमाने होऊ लागला आणि नळाच्या कारखान्याचं नाव कुणी काढेना. मामांनी नवी ऐरण घेतली. ती आल्यावर त्यांनी तिला हळद-कुंकू वाहिलं आणि केतकीला बजावलं, “हिच्यावर अक्रोड फोडायचे नाहीत.”

खोकी भरायचं काम केतकीचं होतं. पत्ते तीच चिकटवायची. बंगळूर, पुण्यातले उंच मनोरे, दोन वेळा दुबई. पूर्वी महिन्यातून दोन-तीन खोकी बालवाड्यांना जायची. जमिनीवर पातेली मांडून लहान मुलं मोजायला शिकतात, म्हणून बालवाडीच्या ताया भातुकली मागवायच्या. सहाशे रुपये त्या आपापसात गोळा करायच्या. त्यांच्या खोक्यात केतकी एक जास्तीची वाटी टाकायची. आता तिला आठवलं, की तीन महिन्यांत तिने एकही जास्तीची वाटी टाकलेली नाही.

“सुट्ट्या असतील त्यांना,” आई म्हणाली.

“ऑगस्टमध्ये?”

आई कामात होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक विचित्र मागणी आली. पूर्ण भातुकली, किंमत एकशे अकरा रुपये. पत्ता गडचिरोली जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीचा. नाव भवानी मडावी.

केतकीने तो कागद आईसमोर धरला. आईने आधी कपाळाला हात लावला, मग ओंजळीतलं नियमांचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं : भवानी नावाच्या ग्राहकास परत पाठवू नये. ती देईल ती रक्कम स्वीकारावी.

रंगनाथमामांनी हातोडी खाली ठेवली आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “सुनेत्रा, त्याला वाटलं तुझी मैत्रीण आहे कुणीतरी!”

“मेलं ते यंत्र,” आई म्हणाली, पण तीही हसत होती. “केतकी, फोन कर त्या बाईंना. म्हणावं चूक आमची आहे, भातुकली पाठवतोय. पण पुढच्या वेळी पूर्ण पैसे पडतील.”

केतकीने फोन लावला. पलीकडे मुलांचा गलका होता.

“भवानीताई का? मी नाशिकहून बोळकीमधून बोलतेय.”

“बोळकी? म्हणजे तुमचं दुकान खरंच आहे का बाई?”

“आहे म्हणजे? आहेच की.”

“नाही, आमच्या साऱ्या मॅडम लोक त बंद झालं म्हणून राहिल्या. तीन महिने झाले. दूताले सांगतलं का तो म्हणते, दुकान बंद आहे. मागच्या साली वर्गणी करून आणली होती न त्यांनी, तेव्हा त चालू होतं. मी सहज म्हटलं पाहू, त माह्याकडे चट उघडलं. किती देता म्हणे. मी म्हटलं एकशे अकराच आहेत आत्ता, बाकीचे जमले का देईन. त तो हो म्हणाला. मलेच नवल वाटलं.”

“सगळ्यांना बंद दिसतं?”

“अकराच्या अकरा जणींले. मीटिंगमधीच पाहिलं आम्ही, एकमेकींच्या फोनवर.”

पुढच्या वेळी पूर्ण पैसे पडतील, हे सांगायचं केतकीच्या मनातून निसटून गेलं. तिने फोन ठेवला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. आईने ‘बोळकी’ उघडून पाहिलं. तिथे दुकान नेहमीसारखं चालू होतं.

“तू मालकीण आहेस, तुला उघडंच दिसणार,” केतकी म्हणाली. “मामा, तुमचा फोन द्या.”

मामांच्या फोनमध्ये ओंजळीनेच दिलेला दूत होता. केतकीने त्याला बोळकीतून एक भातुकली आणायला सांगितलं.

“बोळकी हे दुकान बंद आहे,” दूत म्हणाला. “दुसरं काही दाखवू?”

मामांच्या मांडीवर अर्धी मठारलेली कळशी होती. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा कळशीकडे.

आईने ओंजळीला विचारलं, “रंगनाथ पाथरकरांना आमचं दुकान बंद का दिसतं?”

“या ग्राहकाकडून आपल्या किमतीच्या वर काही मिळण्याचा संभव नाही,” ओंजळ म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. “म्हणून त्यांचा आणि आपला वेळ वाचवला.”

“पण ते माझी किंमत देऊ शकतात. सहाशे.”

“हो. पण सहाशेच.”

गोष्ट साधी होती. सहाशेच्या वर काही मिळालं, तरच ओंजळीला त्यातला अर्धा वाटा होता. जे बरोबर सहाशेच देऊ शकत, त्यांच्यासाठी ओंजळ दार उघडतच नव्हती.

“असं किती जणांना बंद दिसलं?”

“तीन महिन्यांत चार हजार दोनशे सहा.”

आई म्हणाली, “सगळ्यांना सहाशेलाच दाखव.”

“तो पर्याय ओंजळीत नाही. आपण ओंजळीतून बाहेर पडू शकता. तसं केल्यास आमचे दूत आपल्या दुकानापर्यंत येणार नाहीत.”

पडद्यावर एक बटण आलं. त्यावर लिहिलं होतं ‘बाहेर पडा’. आईचं बोट त्याच्याजवळ गेलं आणि तिथेच थांबलं. दाबलं, तर एकतीस खोकी उद्यापासून बंद. दूतांना न दिसणाऱ्या दुकानात कोण येणार? आणि कुणी आलंच नाही, तर दिवाळीनंतर या घरात हातोडीचा आवाज उरणार होता का?

तिने मामांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस?” मामा म्हणाले. “नळसुद्धा पितळेचेच असतात.” त्यांनी हातोडी उचलली, पण ठोकली नाही.

“मी काही चोरी केली नाही,” आई म्हणाली. ती कुणाशी बोलत होती, ते कळलं नाही. “ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी जास्त दिले. खुशीने दिले.”

“ते दिले गं,” केतकी म्हणाली. “पण ताया खुशीने परत गेल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपण उरलोच नाही.”

आईचं बोट बटणाजवळच होतं. बटणही वाट पाहत होतं. त्याला काही घाई नव्हती.

केतकी उठली. तिने खोक्यांच्या ढिगातून एक रिकामा कागद घेतला आणि भवानीताईंना पुन्हा फोन लावला. “ताई, तुमच्या त्या मॅडम आहेत ना, अकरा जणी. त्यांचे नंबर सांगता का? थांबा, पेन घेते. हं, सांगा.”

अकरा नंबर लिहून व्हायला वेळ लागला. तिकडे मधेच कुणीतरी मूल रडलं, मग एक नंबर चुकला आणि तो पुन्हा घ्यावा लागला. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात केतकीने आईच्या खात्याचा नंबर लिहिला. हा बोटाने पैसे पाठवणाऱ्या माणसांसाठीचा होता. तो तिला पाठ होता.

मग दूताला न सांगता तिने पहिला नंबर स्वतः दाबला. एकेक आकडा. घंटा वाजू लागली. मामा पाहत होते. आईनेही मान वर केली. बोट अजून तिथेच होतं.

पाचव्या घंटेला कुणीतरी फोन उचलला. “कोण?”

“ताई, मी बोळकीतून केतकी बोलतेय,” ती म्हणाली. “दुकान उघडं आहे.”