प्लेट निळी होईना

चिखलीच्या बसस्टँडवर सुचितानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. दारातून आत शिरेपर्यंत एक तरुण त्या रुमालावर बसलाही होता. नुसता बसला असता तर गोष्ट वेगळी… तो निवांत शेंगदाणे खात होता.

"ओ भाऊ, रुमाल दिसला नाही का?"

"दिसला ना. म्हटलं, सीट मळकी असंन, कोण्या भल्या माणसानं आंथरला."

तो उठला, पण शेंगदाणे पुढे करून. तिनं नको म्हटलं आणि बुलडाणा येईपर्यंत अर्धी पुडी संपवली.

मलकापूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत माणिकराव सर म्हणाले, "हे गजेंद्र. आजपासून तुझ्या मदतीला." समोर तोच. शेंगदाण्याचं एक टरफल अजून शर्टावर.

गर्भवतीच्या रक्तातलं एक रिसेप्टर मोजण्याची चाचणी सुचिता तयार करत होती. वाढीचा निरोप घ्यायला ते पेशीवर बसलेलं असतं. त्याचंच एक सुटं रूप मात्र रक्तात फिरतं आणि निरोप वाटेतच गिळतं. ते फार वाढलं की आईचं बीपी चढतं, बाळ धोक्यात येतं. तिच्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळ असंच गेलं होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. सुचिता मात्र एमएस्सीनंतर सरळ इथं आली होती.

"म्हणजे," गजेंद्र म्हणाला, "एक अँटिबॉडी रुमाल टाकून रिसेप्टरले धरते, दुसरी कंडक्टरसारखी येऊन तिकीट फाडते, अन् मंग निळा रंग येते?"

"हाव. अन् रिकाम्या जागा आधीच दुधाच्या पावडरीनं भरतो. फुकटे बसू नये म्हनून."

"मी फुकटा नाही. शेंगदाने दिले होते."

ती हसली… आणि हसल्याचं लक्षात आल्यावर घाईघाईनं पिपेट पुसू लागली.

पण पावसाळा सरला तरी चाचणीची बारीक खड्ड्यांची प्लेट निळी होईना. आधी विकतच्या अँटिबॉडीनं फिकट का होईना, रंग यायचा. आता सुचितानं स्वतः केलेल्या अँटिबॉडीनं तोही येईना. सर म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर विषय बंद." विषय बंद म्हणजे सुचितानं सामान बांधून आपल्या गावी, उंद्रीला परत, हे दोघांनाही कळलं.

शुक्रवारी सुचितानं वर्षभर खपून केलेल्या अँटिबॉडीच्या कुप्या कचऱ्याच्या डब्याजवळ नेल्या.

"माह्या अँटिबॉडीतच दम नाही. दुसरीवरचं रंग आननारं एन्झाइम तर मेल्यावानी वागून राह्यलं."

गजेंद्रचा चेहरा प्लेटीहून पांढरा झाला.

"थांबा… ते मीच मारलं."

"काय?"

"धुन्याच्या पान्याले बुरशी लागे. तुमी रोज सकाळी नवं करत होत्या. म्हटलं, तेवढाच तुमचा त्रास वाचंन… त्यात चिमूटभर अझाइड टाकलं. आधीच्या लॅबमधी सारेच टाकत होते. त्यानं रंगाचं एन्झाइम मरते, हे मले आत्ता तुमी बोलल्यावर सुचलं."

तिनं कुप्या तशाच हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली नाही, पण कान लाल झाले.

"सांगतलं नसतं तर कोनालेच समजलं नसतं," ती म्हणाली.

"तुमी उंद्रीले निघून गेल्या असत्या."

ती फ्रीजकडे वळली. कुप्या आत परत ठेवल्या, धुण्याचं पाणी नवं केलं आणि पुन्हा प्लेट लावली. दुपार कलली. आजारी बायांच्या रक्ताचे खड्डे निळे झाले, गर्द निळे. निरोगी बायांचे जेमतेम. ज्यात काही नव्हतं, ते कोरे राहिले. सुचितानं डोळे पुसले. मग रंग थांबवायला एकेक थेंब आम्ल सोडलं, तसं निळं झरझर पिवळं झालं.

"यापुढं माह्यासाठी काही करायचं असलं," ती प्लेटीवरून नजर न उचलता म्हणाली, "तर आधी इचारायचं."

"मंग… इचारू?"

"मले नका इचारू. हा पिवळा अगदी हळदीवानी दिसते." तिनं आता वर पाहिलं. "माह्या बाबाले इचारा. भगवानरावाचं घर कोनतं, हे उंद्रीत कोनीबी सांगते."