दार धरून ठेवणारा बार्नबी

“या, या... सावकाश या, काही घाई नाही!” खालून बार्नबीचा आवाज आला आणि बुरुजावर उभ्या असलेल्या टॅमसिनच्या अंगाचा तिळपापड झाला.

घाई नाही म्हणे! परवा सोमवारी ती नोकरीसाठी पार उत्तरेकडच्या न्यूकॅसलला निघणार होती, चांगली दोन वर्षांसाठी. केंटमधल्या या किल्ल्यावरचा आजचा दिवस फक्त दोघांचा होता, आणि हा पठ्ठ्या बुरुजाचं दार धरून उभा! एका आजीबाईंसाठी त्याने दार धरलं, तर त्यांच्यामागे सहलीची अख्खी बस आली. प्रत्येक जण ‘थँक यू’ म्हणत आत शिरत होता आणि दार सोडणं बार्नबीच्या जिवावर येत होतं.

त्यांची ओळखही अशीच झाली होती. गेल्या वर्षी, याच किल्ल्याच्या टी-रूममध्ये, रांगेत. तिच्यापुढे उभ्या असलेल्या या अनोळखी माणसाने “आधी तुम्ही घ्या” करत सहा जणांना पुढे सोडलं आणि जॅम लावून खायचा शेवटचा स्कोन, म्हणजे गोडसर पाव, गेला. “तुमच्या चांगुलपणापायी मी उपाशी!” ती कडाडली होती. तो कानांपर्यंत लाल झाला आणि त्याने डब्यातली काकडीची सँडविचेस तिच्यापुढे धरली. दोनातलं एक नाही, दोन्ही! तिथेच ती फसली.

अखेर तो धापा टाकत वर आला. केस ओले, काखेत थर्मास.

“सॉरी... छत्तीस जण होते.”

“मोजलेसही?”

“चहा ओतू?”

“बार्नबी, मी सोमवारी चाललेय.”

“हो ना... छान संधी आहे तुझ्यासाठी.”

“आणि तुला काय वाटतं?”

खाली खंदकावर पाऊस भुरभुरत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले... “तुला योग्य वाटेल तसं—”

बस्स! वर्षभर हेच. सिनेमा कुठला, तुला आवडेल तो. जेवायला कुठे, तू म्हणशील तिथे. जगासाठी दार धरणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी काही मागताच येऊ नये? की मागण्याइतकी ती त्याला हवीच नव्हती? या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला.

“मग मला साडेचारची बस योग्य वाटते!” ती तडातडा जिना उतरली. तो मागे धावला खरा, पण जिना अरुंद. वर येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत देत बिचारा वरच राहिला.

फाटकाबाहेर बससाठी वीसेक माणसं शिस्तीत उभी होती. टॅमसिन मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिली. बस आली, रांग सरकली, तिने पायरीवर पाय ठेवला... आणि मागे खडी करकरली.

बार्नबी! तिच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या सगळ्यांना ओलांडून तो थेट पुढे घुसत होता.

“अहो मिस्टर! रांग तिकडून सुरू होते!” एक छत्रीवाल्या बाई कडाडल्या.

“माहीत आहे!” तो ओरडला. सॉरी म्हणालाच नाही. “टॅमसिन, मला काय वाटतं विचारलंस ना? तू गेलीस तर मला मुळीच चालणार नाही! म्हणजे... जा तू, नोकरी चांगली आहे. पण मलाही यायचंय. तिकडे काम शोधेन. मला तू हवी आहेस... मला!”

“ते प्रेम मागे उभं राहून कर, बाळा,” एक आजोबा खेकसले.

“आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत?” बाईंनी छत्रीची मूठ त्याच्या दंडात अडकवून त्याला मागे ओढलं.

टॅमसिन गर्रकन वळली. रांग मोडणाऱ्या कुणाचीही तिने आजवर गय केली नव्हती. पण आता तिचा सगळा राग त्या छत्रीवर निघाला.

“सोडा त्याला!” तिने बार्नबीची ओली बाही घट्ट धरली आणि त्याला पायरीवर खेचलं. “तो माझ्याबरोबर आहे.”