उलट्या जाजमाचे गूढ

"अरे, पंप नीट धर! सगळी हवा माझ्याच नाकात जाते आहे!" हयवदन किंचाळला.

"नाकात तरी जाऊ दे. चाकात काही केल्या जात नाही!" त्रिविक्रम घामाघूम होऊन म्हणाला.

सन १९५९ मधील वैशाखाची ती सकाळ. चामराजपेटेतील आपल्या घरासमोर वसुमती, त्रिविक्रम आणि हयवदन ही तिन्ही भावंडे एका जुन्या सायकलीची शुश्रूषा करीत होती. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती. त्या दिवशी नृसिंहजयंती असल्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी पहाटेच शहराबाहेरच्या के. आर. पुरमला मामांच्या घरी पूजेच्या सिद्धतेसाठी गेली होती. मुलांनी संध्याकाळच्या बसने तेथे पोहोचावयाचे होते. तोपर्यंतचा वेळ केंपांबुधी तळ्यावर घालविण्याचा बेत ठरला होता. आता केवळ त्यांचा मित्र परसू येण्याचा अवकाश होता.

परसू आला, पण तो धावत आणि पोहण्याच्या पंच्याविनाच.

"तळ्याचं ऱ्हाऊ दे! पेढीवर चला अगोदर. पेढी बुडाली म्हणायलेत सगळी!"

"कुठली पेढी?" वसुमतीने विचारले.

"आपलीच की गं अक्का! दुसरी कुठली?"

तिघांचेही चेहरे उतरले. 'परस्परसाहाय्य सहकारी पतपेढी' ही त्या पेटेचा प्राण होती. शिंपी, फुलविक्रेते, गाडीवान असे सारे सभासद दर आठवड्याला आपली अल्पशी बचत तेथे ठेवीत आणि ज्याला निकड असेल त्याला त्याच पैशातून माफक व्याजाने कर्ज मिळे. अट एकच होती. दोन सभासदांना त्याच्यासाठी जामीन राहावे लागे. रघुजी गाडीवानाची बैलजोडी, हरीअण्णांची कॉफी भाजण्याची भट्टी ही या पेढीचीच देणगी. पेढीचे चिटणीस विश्वेश्वरअण्णा हे या मुलांचे सख्खे काका होते.

परसूच्या घरचे तर सारेच या पेढीवर अवलंबून होते. बेळगावकडून पोट भरण्यासाठी आलेले त्याचे वडील बसवंत हे गवंडी. परांचीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. आई तानूबाई शिवणकामात निपुण, पण यंत्र भाड्याचे. तिला स्वतःच्या यंत्रासाठी पेढीचे कर्ज मंजूर झाले होते. एक जामीन हरीअण्णा होते, दुसरा रघुजी उद्या सही करणार होता. यंत्र आले, तर शाळांच्या गणवेशांचे काम मिळणार होते. न आले, तर परसूने शाळा सोडून हुबळीच्या मामाच्या हॉटेलात कपबशा विसळावयाच्या, असे घरात ठरून गेले होते.

"चला!" वसुमती एवढेच म्हणाली.

पेढीसमोर माणसांची ही दाटी! दाराला भले मोठे कुलूप. सारे जण गजांच्या खिडकीतून आत डोकावत होते आणि डोके मागे घेताना कपाळावर हात मारीत होते.

मुलांनी माणसांच्या पायांमधून वाट काढली. आत भर उजेडात एक समई शांतपणे तेवत होती आणि सभासदांच्या बैठकीचे निळे जाजम चक्क पालथे घातलेले होते!

"दिवा आहे, जाजम आहे. मग बुडाले काय?" हयवदनने विचारले.

"अय्यो, कंदा! लहान लेकरू आहेस तू," हरीअण्णा कापऱ्या स्वरात म्हणाले. "जुन्या बाजाराची रीत आहे ही. सावकार धुळीला मिळाला, की तो आपली बैठक उलटी करतो, दिवसाढवळ्या दिवा लावतो आणि गाव सोडतो. आल्यागेल्याने समजून घ्यावे, की येथे आता काही मिळावयाचे नाही."

"आणि तुझे काका पहाटेच गेले नव्हे का गाव सोडून?" रघुजी गरजला. त्याच्या मुलीचे लग्न परवावर आले होते आणि लग्नाची सारी रक्कम पेढीत होती.

"ते पूजेला गेले आहेत!" त्रिविक्रम संतापून म्हणाला.

"आणि कारकून चंद्रकांत? तोही कालच रजा घेऊन गेला. दोघेही पूजेलाच काय?"

गर्दीत कडवट हशा पिकला. परसू रघुजीपुढे जाऊन उभा राहिला.

"रघुमामा, आमच्या आईच्या जामिनाचं..."

"कसला जामीन, पोरा? बुडत्याला बुडत्याचा जामीन! विसर ते आता."

त्याच क्षणी समोरच्या ओट्यावरून एक गोड आवाज आला. "मंडळी, रडता कशाला? मी आहे ना!"

ते होते हंबीरराव सावकार. पेढी निघाल्यापासून त्यांच्या चढ्या व्याजाकडे कोणी फिरकत नसे. आज मात्र ते मांडीवर पैशांची थैली घेऊन प्रसन्न मुद्रेने बसले होते.

"तुमचे पासबुक माझ्या नावे लिहून द्या आणि अर्धी रक्कम रोख न्या. सगळे जाण्यापेक्षा अर्धे बरे! शेजारधर्म म्हणून मी हा तोटा सोसतो."

लोक घुटमळत, माना खाली घालून त्या ओट्याकडे वळू लागले.

वसुमती मात्र पुन्हा खिडकीशी गेली आणि गजांना नाक लावून बराच वेळ पाहत राहिली.

"अक्का, सिनेमा चालला आहे काय आत?" त्रिविक्रम चिडून म्हणाला.

"समईच्या मागे बघ. नृसिंहाची तसबीर आहे. तिला तुळशीचा हार आहे आणि तो अगदी टवटवीत आहे. पळून जाणारा माणूस हार घालीत बसेल?"

त्रिविक्रमचे डोळे चमकले. "अखंड दीप! काका घरीही आज दिवसभर दिवा ठेवतात. जाताना त्यांनी पेढीतही लावला असणार!"

"आणि जाजम?" परसूने विचारले.

"त्याच्या कडेखालून काय डोकावते आहे?"

परसू टाचा उंचावून पाहू लागला. "पाला हाय... कडुनिंबाचा!"

"उन्हाळ्यात आई गाद्या उलट्या करून खाली कडुनिंब का पसरते?"

"ढेकूण!" हयवदन इतक्या मोठ्याने ओरडला, की दोघातिघांनी दचकून आपापले धोतर झटकले.

"चंद्रकांतने काल जाजम उलटे केले असेल," वसुमती म्हणाली. "काकांनी पहाटेच्या अंधारात दिवा लावला आणि खाली पाहिलेच नाही. दोघांनीही एकमेकांना काही सांगितले नाही. झाले दिवाळे!"

तिने हे मोठ्याने सांगून पाहिले. पण ऐकतो कोण? "चिटणिसाची पुतणी! ती दुसरे काय सांगणार?" असा गलका झाला.

"काकांनाच आणले पाहिजे. किल्ली त्यांच्याजवळ आहे," त्रिविक्रम म्हणाला. "बसची वाट पाहत बसलो, तर येथे एकही पासबुक उरणार नाही. परसू, सायकल!"

"चाकात हवा हाय काय?"

"स्वल्प आहे. उरलेली वाटेत भरू!"

घरून सायकल काढून दोघे सुसाट निघाले. एकाने पेडल मारावे, दुसऱ्याने मागे बसावे, दम लागला की जागा बदलावी. बाजार मागे पडला, छावणीतील डेरेदार झाडे मागे पडली. पुढे उघडा रस्ता लागला आणि ऊन डोक्यावर आले. एका चढावर साखळी निखळली. परसूने काळ्याकुट्ट हातांनी ती बसविली. लगेच तो पुन्हा पेडल मारू लागला.

मामांच्या घरी विश्वेश्वरअण्णा सोवळे नेसून पूजेची मांडणी करीत होते. दोन धुळकट मुले अंगणात कोसळलेली पाहून ते बाहेर आले. त्रिविक्रमने धापा टाकीत सारे सांगितले. अण्णांचा चेहरा पांढरा पडला.

"जाजम उलटे होते? अरेरे, मी पाहिलेच नाही! आणि ही रीत... ती माझ्या ध्यानातही आली नाही."

"काका, तुमची पूजा?" त्रिविक्रम चाचरत म्हणाला.

अण्णांनी देवाकडे पाहून हात जोडले. "आज तो देव खांबात नाही, रे. पेढीच्या दारात उभा आहे. चला!"

रस्त्यावर बाजाराकडे निघालेला कोबीचा ट्रक होता. सोवळ्यातील अण्णा तसेच ड्रायव्हरशेजारी चढून बसले. सायकल आणि दोन्ही मुले कोबीच्या पोत्यांवर!

इकडे चामराजपेटेत उन्हाबरोबर माणसेही तापली होती. रघुजी घरी जाऊन लोखंडी पहार घेऊन आला.

"बाजूला हो, पोरी. दार फोडतो. आत जे काय असेल ते ज्याचे त्याने घ्यावे!"

"ज्याचे त्याने?" वसुमती दाराला पाठ लावून उभी राहिली. "दार फुटल्यावर बळकट माणूस घेईल, रघुमामा. म्हाताऱ्या हरीअण्णांच्या हाती काय लागेल? तानूमावशीच्या हाती काय लागेल?"

रघुजीची पहार हवेतच थबकली.

मघाशी गर्दीत येऊन उभी राहिलेली तानूबाई मात्र तेथे नव्हती! वसुमतीने चमकून पाहिले. हंबीररावांच्या ओट्यासमोर तानूबाईच उभी होती. पदराच्या गाठीतून काढलेले पासबुक तिने पुढे केले होते. सावकार शाईची डबी उघडीत होते. एक अंगठा, आणि सारे संपले!

दार सोडले, तर पहार पडेल. दार न सोडावे, तर अंगठा उठेल. वसुमतीला काय करावे ते सुचेना.

"हयवदन!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मावशीला थांबव!"

हयवदन धावला आणि थेट ओट्यावर चढून सावकारांच्या पुढ्यातच बसला. शाईच्या डबीवर त्याने आपला तळवा दाबून धरला.

"ए पोरा! ऊठ येथून!"

"उठतो, सावकारमामा. पण मला एक कळत नाही, तेवढे सांगा."

"काय?"

"आमची आई फुटकी घागर विकायला काढते ना, तेव्हा बोहारीणसुद्धा ती घेत नाही. मग बुडालेली पेढी तुम्ही अर्ध्या किमतीला का घेता?"

"मी... मी शेजारधर्म म्हणून..." हंबीरराव अडखळले.

"मग आमच्या घरची फुटकी घागरही घ्या ना शेजारधर्म म्हणून! आणू?"

कोणीतरी फिसकन हसले. पण हरीअण्णा हसले नाहीत. ते काठी टेकीत ओट्याजवळ आले. "पोरगा बरोबर विचारतो, हंबीरराव. व्याजाची दमडीही न सोडणारे तुम्ही. आज तोटा विकत घेता? पेढी बुडाली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?"

तानूबाईने पासबुक छातीशी धरले आणि ती दोन पावले मागे सरली. रघुजीने पहार खाली केली. त्याची नजर आता दाराकडे नव्हती, ओट्याकडे होती.

तोच कर्णा वाजवीत कोबीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. "किल्ली आली! किल्ली आली!" पोत्यांवरून परसू ओरडत होता.

अण्णा गर्दीतून सरळ दाराशी गेले. कुलूप निघाले. त्यांनी सर्वांसमक्ष जाजमाचे टोक उचलले. कडुनिंबाचा सुकलेला पाला भुरभुरला आणि सुस्तावलेले ढेकूण सैरावैरा पळू लागले.

"हे पाहा पेढीतले चोर!" त्रिविक्रम म्हणाला. तणावाने ताठरलेली ती गर्दी खदखदून हसली.

अण्णा हसले नाहीत. ते उंबऱ्यावर उभे राहिले. "मंडळी, अपराध माझा आहे. ज्याच्या हाती दहा जणांचा विश्वास असतो, त्याने दिवा लावतानाही खाली पाहिले पाहिजे. मी पाहिले नाही." मग ते ओट्याकडे वळले. "परंतु हंबीरराव, पहाटे दिवा लावून बाहेर आलो, तेव्हा नृसिंहाचे तीर्थ मी तुमच्याच हातावर घातले होते ना? दिवा कशाचा, हे तुम्ही विचारलेत आणि मी सांगितले. मग दिवसभर या लोकांना ते का सांगितले नाहीत?"

सावकार घाईने थैली आवरू लागले. ज्यांची पासबुके त्यांनी घेतली होती, ते सारे पैसे मुठीत घेऊन त्यांच्याभोवती उभे राहिले. एकेक पासबुक निमूटपणे परत आले. दिलेल्या पैशांतील एक पैसाही कोणी मागे ठेवून घेतला नाही.

"आज सुटी आहे, तरी मी बसतो," अण्णा म्हणाले. "ज्यांना आपले पैसे हवे असतील, त्यांनी आत यावे. रघुजी, तुम्हाला तर परवाच लागतील."

रघुजी पहार दाराबाहेर ठेवून आत गेला. लोक श्वास रोखून पाहत राहिले. त्याने घेतले, तर सारेच घेणार!

"लग्नाचे परवा घेतो, ठरल्याप्रमाणे," रघुजी जाड्या आवाजात म्हणाला. "आज त्या बाईच्या जामिनाचा कागद काढा. सकाळी मी पोराला वाईट बोललो. माझी सही आजच घ्या."

तानूबाईने पदर डोळ्यांना लावला. परसूने सायकलीच्या वंगणाने माखलेले हात पाठीमागे लपविले, पण चेहरा काही त्याला लपविता येईना.

"मुलांनो," अण्णांनी चौघांनाही जवळ घेतले. "विश्वासः फलदायकः, असे आपले पूर्वज सांगून गेले. आज तो विश्वास तुम्ही राखलात. आम्ही मोठी माणसे डोळे असून पाहत नव्हतो. वसुमती, तू पाहिलेस. त्रिविक्रम आणि परसू, तुम्ही उन्हाची तमा बाळगली नाही. आणि हयवदन, तुझा प्रश्न तर लाखमोलाचा!"

"काका, मग आता मी आणखी एक विचारू?"

"विचार, बाळ."

"पूजेला अजून वेळ आहे ना? तो ट्रक परत जाणार असेल, तर या वेळी कोबीवर मी बसू?"