कल्याणचा स्टँड

खोटं वाटलं तर पुढं वाचू नका, पण मला खोटारडा म्हणू नका. नशेत काहीतरी भास झाला असंल, असंही म्हणू नका. त्या दिवशी माझ्या पोटात चहाशिवाय थेंब नव्हता.

रात्र पण नव्हती. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन. टेंभुर्णीजवळच्या माझ्या शेतातलं पत्र्याचं शेड.

मी संपत. चाळिशी उलटली, लग्न जमलं न्हाई. आई-बाप गेले. घरात मी अन् टीव्ही.

हक्काचा माणूस एकच, माझा दोस्त. कल्याण.

तो आधी एका बियरच्या कंपनीत कामाला होता. गावी परतला अन् म्हणला, "संप्या, घरीच करू. बराबर कंपनीसारखी." परवानगी-बिरवानगीचं मला विचारू नका.

त्यानं जालन्यातून खास स्टँड वेल्डिंग करून आणला. लोखंडी अँगलचा, पायऱ्यांसारखा तीन टप्प्यांचा. प्रत्येक टप्प्यावर तोटी बसवलेला स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं. वरच्यात गरम पाणी, मधल्यात भरडलेलं जव, खालच्यात रस उकळायचा. पंप न्हाई, काही न्हाई. वरची तोटी उघडली की पाणी आपोआप खाली.

मी स्टुलावर चढून तोटीपाशी, कल्याण खाली भट्टीपाशी. भट्टी अशी घरघरायची की बोललेलं ऐकू यायचं न्हाई. मंग त्यानं युक्ती काढली. स्टँडच्या पायावर पान्यानं ठोका मारायचा.

एक ठोका म्हणजे उघड.

दोन ठोके म्हणजे बंद कर.

आठवडाभर मी रविवारची वाट बघायचो. बियर तर निमित्त होती.

एका सकाळी कल्याणच्या छातीत कळ आली. जालन्याला नेईपर्यंत खेळ खलास.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. कल्याणच्या भावानं त्याच्या पोरीच्या शिक्षणाचं सांगितलं. कल्याणची बायको, संध्यावहिनी, रडत रडत "घराची काळजी करू नका" म्हणल्या. कावळा झाडावरच बसून.

शेवटी मी हात जोडले. तोंडातून आपसूक निघालं, "कल्याण, तुझ्याबिगर स्टँडला हात लावणार न्हाई. बिलकुल न्हाई. वचन देतो."

कावळा लगेच खाली आला...

सगळे म्हणले, सुटला बिचारा.

काही महिने मी शेडकडं फिरकलो न्हाई. पण रविवार खायला उठायचा. एका दुपारी राहवलं न्हाई. भट्टी पेटवली, पाणी तापवलं, स्टुलावर चढलो. अन् सवयीनं तसाच थांबलो.

अरे येड्या, कुणाची वाट बघून राह्यला?

अन् खालून...

टण्.

एकच.

वाकून पाहिलं. कुणीच न्हाई. पाना खिळ्याला टांगलेला. हळूहळू हलून राह्यलेला...

अंगावर सर्रकन काटा आला. तरी हात तोटीकडं गेला. उघडली. पाणी जवावर पडलं. गंज भरत आला, तसं...

टण् टण्.

बंद केली.

पळून जायला पाहिजे होतं. मी मात्र स्टुलावर बसून लेकरासारखा रडलो. आनंदानं!

मंग दर रविवारी तेच. बियर कोण पितंय? पिंपं भरून नुसती पडलेली. मला ठोका पाहिजे होता.

एक दिवस संध्यावहिनी शेतात आल्या. डोळे पार खोल गेलेले.

"भाऊजी, रविवारी दुपारी तुम्ही काय करता?"

मी शेडकडं पाहिलं.

"ह्यांची बाज करकरती. कुणी उठल्यावानी. आमची तृप्ती म्हणती, पप्पा निघाले. संध्याकाळी परत करकरती... मंग म्हणती, आले. दर खेपेला पोरगी नव्यानं रडती. दोन घास खात न्हाई. भाऊजी, तुमच्या वचनात अडकले ते. सोडा त्यांना. पाया पडते तुमच्या."

तिकडं ते लेकरू. अन् इकडं मी. तो गेला की मला कोण?

तरी केलं. कटर आणून स्टँडचे तुकडे केले. गंजांसकट टेम्पोत घातले अन् जालन्याला भंगारात दिले. तिथं भंगार वितळवून सळ्या करतात. टेम्पो रिकामा झाला तेव्हा मनात म्हणलं, "वचन मोडलं रे कल्याण. आता तू जा."

पुढच्या रविवारी वहिनींचा फोन आला. बाज वाजली न्हाई. तृप्ती पोटभर जेवली.

बरं वाटलं. देवाशपथ, बरं वाटलं.

पण दुपार सरंना. शेडमधी जाऊन बसलो. रिकामी फरशी. पाना तेवढा द्यायचा राह्यल्ता. खिळ्यावरून काढला. नको नको म्हणत होतो, तरी फरशीवर मारला.

एक ठोका. उघड.

काहीच न्हाई.

वारा पण पडलेला...

अन् मंग, जिथं स्टँडचा पाय असायचा, बराबर तिथून... लोखंडावर वाजावं तसं...

टण् टण्.

तिथं लोखंड नव्हतं. पाना माझ्याच हातात होता.

बंद कर, म्हणला तो.

मी शेडला कुलूप लावलं. वहिनींना ह्यातलं काही सांगितलं न्हाई. काय सांगू? कल्याण सुटला असंल, तर ते दोन ठोके कुणी मारले?

पाना उशाशी ठेवलाय. आज परत रविवार आहे, अन् घरात मी एकटाच आहे.